परिवहन मंत्र्यांना खुलं पत्र: पार्किंगचा दाखला आणण्याआधी पार्किंगची साठेबाजी थांबवा

मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

साहेब, मे 2025 मध्ये तुम्ही जाहीर केलंत की पार्किंगच्या जागेचा महापालिकेचा दाखला दाखवल्याशिवाय नवीन गाडीचं रजिस्ट्रेशन होणार नाही. मी याच्या विरोधात अजिबात नाही. दादरच्या आतल्या गल्ल्यांमध्ये रात्री दहानंतर अ‍ॅम्ब्युलन्स घुसवायची म्हणजे काय हाल होतात ते मी बघतोय, दोन्ही बाजूंनी गाड्या लावलेल्या असतात आणि वॉचमन शिट्ट्या मारत एकेका मालकाला उठवत फिरतो. काहीतरी कडक केल्याशिवाय हे सुधारणार नाही हे मान्य. पण तुमची घोषणा झाल्यावर आमच्या भागातल्या एका ब्रोकरचं पहिलं वाक्य होतं, "आता पार्किंग घेऊन ठेवा, फ्लॅटच्या आधी ह्याचा भाव वाढेल." मला भीती वाटते ती ह्याचीच.

मी इथल्या एका रिडेव्हलप झालेल्या बिल्डिंगच्या कमिटीवर आहे. आमच्या दुसऱ्या पोडियमवर, म्हणजे घरांच्या खालच्या पार्किंगच्या मजल्यावर, दोन खांबांच्या मधे एक जागा आहे, जमिनीवर पांढऱ्या पेंटने फ्लॅट नंबर टाकलाय, त्यावर गुंडाळलेली गादी, वॉटर प्युरिफायरचं खोकं आणि एक जुनी शिडी. गाडी तिथे कधी लागलेलीच नाही. फ्लॅटवाल्याने एकाऐवजी तीन पार्किंग घेतली, स्वतः परदेशात असतो, एक भाड्याने दिलंय आणि बाकीची दोन भाव चढायची वाट बघत पडून आहेत. त्याच बिल्डिंगमधे वर राहणारा भाडेकरू रोज रात्री फुटपाथला चिकटवून गाडी लावतो आणि सकाळी टोइंगवाले यायच्या आत चहा अर्धवट टाकून खाली पळतो. उद्या ह्या माणसाने गाडी बदलायची म्हटलं तर दाखला कुठून आणणार? ज्याच्याकडे रिकाम्या जागा आहेत त्याच्याकडेच जाणार ना, आणि तो मागेल ती रक्कम मोजणार.

आणि ह्या जागा बांधताना सरकारने सवलत दिलेली आहे हे विसरू नका. नियमाप्रमाणे जेवढं पार्किंग द्यावं लागतं ते एफएसआयमधे, म्हणजे प्लॉटवर किती बांधकाम करता येतं त्या मर्यादेत, धरत नाहीत, कशासाठी, तर गाड्या रस्त्यावरून आत याव्यात म्हणून. ती सवलत शहराने दिली, मग त्या जागेत गादी ठेवून नफा कमवायचा हक्क कोणाला कसा मिळतो?

कायदा नाहीये असंही नाही. दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या केसमधे सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट 2010 मधे स्पष्ट सांगितलं की स्टिल्टमधलं (बिल्डिंगच्या खाली खांबांमधल्या मोकळ्या मजल्यातलं) आणि ओपन पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही, तो सगळ्यांच्या सामाईक जागेचा भाग आहे. मग 2016 चा रेरा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणारा केंद्राचा कायदा आला, त्यात ओपन पार्किंग सामाईक जागेतच धरलंय, तो राज्यात राबवणाऱ्या महारेरानेही 2021 मधे ते विकायचं नाही असं परिपत्रक काढलं आणि 2024 मधे सांगितलं की विकलेल्या पार्किंगची लांबी, रुंदी, उंची, नक्की कुठली जागा हे सगळं अ‍ॅग्रीमेंटमधे लिहा. चांगलं झालं, कारण गाडीचं दारच उघडत नाही अशी पार्किंगं लोकांच्या गळ्यात मारली गेलीयत. पण कव्हर्ड पार्किंग विकायला मुभा आहे आणि एकाने किती घ्यायची ह्यावर काही बंधन नाही, सगळी गडबड तिथे होते. सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत, म्हणजे नमुना नियमावलीत बघा किती साधं लिहिलंय, ज्याच्याकडे गाडी त्यालाच जागा, सहसा एका मेंबरला एकच, आणि जागा कमी पडल्या तर दरवर्षी चिठ्ठ्या टाका. हे फक्त सोसायटी जी जागा वाटते तिला लागू पडतं, अ‍ॅग्रीमेंटमधे विकत घेतलेल्या जागेपुढे कमिटीचं काही चालत नाही.

दाखल्याची गोष्ट निघाली की जपानचं नाव येतं. तिकडे 1962 पासून हा कायदा आहे, पण जागा स्वतःच्या मालकीची असलीच पाहिजे अशी अट नाही, महिन्याच्या भाड्याने घेतलेली चालते, फक्त घरापासून दोन किलोमीटरच्या आत हवी आणि पोलीस ती तपासतात. म्हणजे दाखला वापरावर आहे, मालकीवर नाही. उलट बाजूला हाँगकाँग, तिथे 2019 मधे शहराच्या मधोमध एका ऑफिस टॉवरमधली एक पार्किंगची जागा 76 लाख हाँगकाँग डॉलरला विकली गेली. एका गाडीची जागा! आपण मुंबई-पुण्याच्या मधल्या भागांना त्या दिशेला ढकलायचं का हे आत्ताच ठरवावं लागेल, एकदा लोकांचे पैसे अडकले की मग कोणतंही सरकार हात लावणार नाही.

साहेब, कोणाची विकत घेतलेली जागा काढून घ्या असं मी म्हणत नाही. एवढंच करा की दाखला देताना एक जागा एक नंबरप्लेट असं पक्कं जोडा आणि भाड्याच्या जागेवरही दाखला द्या, साध्या लेखी करारावर. प्रत्येक सोसायटीचं पार्किंग रजिस्टर ऑनलाइन येऊ दे म्हणजे कुठली जागा रिकामी आहे ते दिसेल. वर्षभर जिथे गाडीच लागली नाही ती जागा त्याच बिल्डिंगमधल्या गरजूला ठरलेल्या भाड्यात द्यायचा अधिकार सोसायटीला द्या, भाडं मालकालाच जाऊ दे. आणि नवीन प्रोजेक्टमधे घराशिवाय नुसतं पार्किंग घेणं किंवा एका घरामागे तीन-चार घेणं थांबवा, त्यासाठी गृहनिर्माण आणि नगरविकास खात्याशी बसावं लागेल, तुमच्या एकट्याच्या खात्याचं हे काम नाही हे कळतं.

अजून एक. लालबाग, गिरगाव, परळच्या चाळींमधे पार्किंग नावाची गोष्टच नाही, आणि तिथे टॅक्सीवाले राहतात, टेम्पोवाले राहतात, त्यांचं पोट गाडीवर आहे. त्यांच्यासाठी महापालिकेच्या सार्वजनिक वाहनतळात रात्रीच्या जागा परवडणाऱ्या दरात आधी राखून ठेवा आणि मगच नियम लागू करा, नाहीतर नवीन टॅक्सी काढायला त्यांना आमच्या पोडियमवरच्या त्या गादीवाल्या मालकाला फोन करावा लागेल.

नियमाचा मसुदा लोकांपुढे ठेवून हरकती-सूचना मागवा, आमच्यासारख्या कमिटीवाल्यांकडे सांगण्यासारखं भरपूर आहे. उत्तराची वाट बघतो.

आपला नम्र,
दादरमधल्या एका सोसायटीचा कमिटी मेंबर