लेखक वेगळा, निवेदक वेगळा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतलं कादंबरीचं परीक्षण वाचून राहवलं नाही, म्हणून हे पत्र. 'लेखक बायकांबद्दल तुच्छतेने बोलतो' असा त्यात ठपका आहे. ती कादंबरी मी दोनदा वाचली आहे. बायकांना तुच्छ लेखतो तो निवेदक, म्हणजे 'मी, मी' करत गोष्ट सांगणारा म्हातारा. त्याच्या बढाया आणि प्रत्यक्षात घडलेलं यांत लेखकाने जागोजागी फट ठेवली आहे आणि त्या फटीतूनच त्याच्या बायकोची बाजू आपल्याला दिसते. परीक्षकांनी म्हाताऱ्याचे शब्द लेखकाच्या तोंडी घातले. ज्या पुस्तकाने त्या माणसाला उघडं पाडलं, तेच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहिलं. ते परीक्षण वाचून किती जण आता ते पुस्तक हातात घेणार नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

मी एकतीस वर्षं भाषा शिकवली. कथा शिकवायला घेतली की पहिल्या दिवशी माझीच दोन वाक्यं फळ्यावर लिहायची: 'आज बाबा फार खुशीत होते. भिंतीला धरून धरून चालायचा खेळ खेळत ते घरात आले, पण आई खेळलीच नाही.' बाबांना काय झालंय, असं विचारलं की मुलं एका सुरात सांगत, 'प्यायलेत!' मग मी विचारायची, 'हे सांगणाऱ्याला ठाऊक आहे का?' वर्ग गप्प. एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, 'त्याला नाही ठाऊक, बाई. पण लिहिणाऱ्याला आहे.' तिला त्या दिवशी कुठलीही व्याख्या सांगावी लागली नाही.

अशा निवेदकाला नाव दिलं ते वेन बूथ या समीक्षकाने, १९६१ साली. मराठीत 'अविश्वसनीय निवेदक' म्हणतात, पण 'अविश्वसनीय' म्हटलं की मुलांना काहीतरी अचाट, अद्भुत वाटतं. मी 'बेभरवशाचा निवेदक' म्हणायची. तो खोटारडाच असतो असं नाही. वरच्या मुलासारखा अजाण असेल, नाहीतर त्या म्हाताऱ्यासारखा स्वतःवरच खूश असेल.

दुसरी चूक याच्या शेजारचीच. 'तो', 'ती' अशी तृतीयपुरुषी कथा दिसली की निवेदन सर्वज्ञ आहे असं लिहून मोकळं व्हायचं. तोच प्रसंग असा लिहून पाहा: 'दार उघडताच वास आला. पोराच्या डोळ्यांपुढे तिने हात धरला, पण पोरगा हसतच होता. का हसतोय, तिला कळेना.' इथे 'मी' कुठेच नाही, तरी आपल्याला आईच्या मनापलीकडचं काही कळत नाही. हा दृष्टिबिंदू. गोष्ट कोण सांगतंय आणि ती कोणाच्या डोळ्यांनी दिसतेय, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. परीक्षण लिहायला बसण्याआधी दोन्ही विचारायला हवेत.

कथा आणि कथानक यांचीही गल्लत होते. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये सांगितलेला फरक आजही पुरतो: राजा मेला आणि मग राणी मेली, ही कथा, राजा मेला आणि त्या दुःखाने राणी मेली, हे कथानक. 'मग काय झालं' आणि 'का झालं' एवढाच हा फरक, पण पुरवणीत 'कथानक' म्हणून जे छापून येतं त्यात 'का' क्वचितच असतो. आणि 'सपाट व्यक्तिरेखा', म्हणजे एकाच गुणावर बेतलेलं पात्र, ही शिवी म्हणून वापरू नये. ती संज्ञा रूढ झाली फॉर्स्टर यांच्यामुळेच, आणि गुंतागुंतीच्या कादंबरीला सपाट माणसंही लागतात असंच त्यांचं म्हणणं होतं. एका ओळीत येऊन जाणारा रखवालदार भरीव कशाला हवा?

आशयसूत्राबद्दल, म्हणजे गोष्ट आपल्या विषयाबद्दल जे सुचवते त्याबद्दल, एवढंच, की ते तात्पर्य नव्हे. 'व्यसन' हा विषय झाला. 'व्यसनी बापावर प्रेम करणारं मूल त्याच्या वागण्याला खेळ ठरवून टाकतं', इथे कुठे आशयसूत्र सुरू होतं.

माझी विनंती साधी आहे. पुरवणीच्या पुस्तकांच्या पानावर दर रविवारी एक छोटी चौकट द्यावी: एक संज्ञा आणि तिच्याखाली एखाद्या कथेतली चार-पाच ओळींची उदाहरणं. निव्वळ व्याख्या नको, ती पाठ होते आणि विसरते. सुरुवात 'निवेदक' या संज्ञेपासून करावी, आणि त्याच चौकटीत गेल्या रविवारच्या परीक्षणातलं ते एक वाक्य दुरुस्त करून छापावं.

आपली,
एक निवृत्त भाषाशिक्षिका