'कशाच्या बदल्यात?' असं विचारणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

समोर बसून आभार मानले असते तर 'बरं, बरं' म्हणत तुम्ही विषय बदलला असता. म्हणून हे चारचौघांत लिहितो आहे.

आयुष्यात कसं वागायचं याची तत्त्वं मी पानभर लिहून तुमच्यापुढे ठेवली होती. प्रामाणिकपणा, घरच्यांना वेळ, सतत शिकणं, साधी राहणी, असं बरंच काही. तुम्ही शिसपेन्सिल उचललीत आणि प्रत्येक ओळीपुढे बारीक अक्षरात एकच प्रश्न लिहीत गेलात: 'कशाच्या बदल्यात?' 'घरच्यांना वेळ' यापुढे मला लगेच उत्तर सापडलं, कारण त्यापायी बढती सोडली होती. 'साधी राहणी'पुढे मात्र काही सुचेना. तिच्यासाठी कधी कशावर पाणी सोडायची वेळच आली नव्हती. ती ओळ तुम्ही खोडली नाहीत, नुसती कंसात टाकलीत. ते कंस मला फार आवडले.

मग म्हणालात, "यादी ठेव बाजूला. अलीकडे कशाला नाही म्हणालास, कुणाचा हेवा वाटला, कशानं डोकं फिरलं, ते आठव." डोकं फिरल्याचे प्रसंग भराभर आठवले आणि जवळजवळ सगळे एकाच जातीचे निघाले: ज्याला उलट बोलता येत नाही अशा माणसाला कुणीतरी तोडून बोललेलं असायचं. माझ्या पानभर तत्त्वांत याचा मागमूस नव्हता. आज ते सगळ्यात वर आहे.

खरी मदत झाली ती पुढे, दोन तत्त्वं एकमेकांना भिडली तेव्हा. खरं बोलायचं की समोरच्याला सांभाळून घ्यायचं? जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी १७९७ च्या एका निबंधात असं मांडलं की, आपल्या घरात लपलेल्या मित्राचा जीव घ्यायला कुणी दारात आला आणि 'तो आत आहे का?' असं त्यानं विचारलं, तरी खोटं बोलू नये. मी हे मोठ्या थाटात तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "मग दार उघडायला कांटना पाठवू नकोस." हसून झाल्यावर मात्र तुम्ही मला क्रम लावायला बसवलंत. कुठलं तत्त्व कुणापुढे माघार घेणार, आणि कुठवर. निरुपद्रवी वाटणारं हे काम भलतंच घाम काढणारं आहे.

रोजच्या उजळणीसाठी मी आधी अमेरिकी मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन यांची पद्धत उचलली होती. त्यांनी १३ सद्गुण ठरवले, आठवड्याला एकावर भर, आणि वहीत चुकेल तिथे काळा ठिपका. व्यवस्थितपणा काही अंगी बाणला नाही, हे त्यांनीच आत्मचरित्रात मोकळेपणानं लिहून ठेवलंय. मला तो ठिपक्यांचा हिशेब रुचला नाही (तुम्हालाही नाही, तुमच्या चेहऱ्यावर दिसलं). त्यापेक्षा प्राचीन रोमचा तत्त्वज्ञ सेनेका जवळचा वाटला. रात्री दिवा नेला की तो दिवसभराचं वागणं स्वतःपुढे मांडायचा, काही लपवायचा नाही, आणि पुन्हा असं करू नकोस, आज माफ केलं, असं स्वतःलाच सांगायचा. त्यातली माफी तुम्ही मला अधोरेखित करून दाखवलीत. ती नसती तर ही सवय मी केव्हाच सोडली असती.

आता यादीत मोजकीच वाक्यं उरली आहेत. दर वाढदिवसाला ती पुन्हा वाचायची, आणि बदलावीशी वाटली तर कारण लिहून बदलायची, हा तुमचाच नियम. यंदा एक वाक्य बदललं. 'कुणाचंही मन दुखवायचं नाही' काढून 'दुखवावं लागलं तर तोंडावर, एकांतात' असं केलं.

एक तक्रार तेवढी राहिली. इतक्या गप्पांत तुमची स्वतःची यादी तुम्ही कधीच दाखवली नाहीत. पुढच्या भेटीत ती मागणार आहे, आणि येताना शिसपेन्सिल घेऊन येणार आहे.

तुमचा,
एक जुना सहकारी