इलेक्ट्रिशियन दादा, आईला खोटं न ठरवल्याबद्दल थँक्यू

दादा,

फोनवर थँक्यू म्हणाले तेव्हा तुम्ही "अहो त्यात काय एवढं" म्हणून फोन ठेवून दिलात. पण माझं मन काही भरलं नाही, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

फिश टँक साफ करताना हाताला झिणझिण्या येतात असं आई कितीतरी दिवस सांगत होती. तुमच्या आधी जे आले त्यातल्या एकाने बाहेरूनच बघितलं आणि म्हणाला, मासे मस्त फिरतायत, करंट असता तर मेले नसते का? दुसऱ्याने तर हातही ओला केला नाही, "काकू वय झालं की मुंग्या येतातच, बी-ट्वेल्व्ह चेक करून घ्या" म्हणे. आणि वर, एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आहे ना घरात, मग कशाला घाबरता. एवढं ऐकल्यावर आईने बोलणंच सोडून दिलं होतं, याचा मला अजून राग येतो.

तुम्ही आल्यावर पहिलं काय केलंत, तर आईला विचारलंत की झिणझिण्या नेमक्या कधी येतात, पायात चप्पल असते का. तिच्याकडे बघून विचारलंत, माझ्याकडे बघून नाही. मग सगळे प्लग सॉकेटमधून उपसून काढलेत, का तर नुसतं बटण बंद करून भागत नाही, वायरिंग उलटं असेल तर बटण न्यूट्रल तोडतं आणि फेज तसाच पुढे जात राहतो. आणि हात पाण्यात घालायच्या आधी ते सगळे प्लग आईच्या हातात दिलेत. "काकू, हे तुमच्याकडे धरा. तुमच्या हातात आहेत तोवर कोणी चुकूनही चालू करू शकत नाही."

दादा, तुमच्यासाठी ती रोजची सवय असेल. पण जिचं कोणी ऐकून घेत नव्हतं तिच्या हातात तुम्ही स्वतःचा जीव ठेवलात हो. दोन्ही हातांनी गच्च धरून उभी होती ती, तुम्ही हात बाहेर काढेपर्यंत हलली नाही.

टँकमधलं पाणी गरम ठेवणाऱ्या हीटरच्या काचेला रबरी टोपणाजवळ केसाएवढी चीर निघाली, तिथूनच करंट पाण्यात उतरत होता. नखाने चाचपून बघावी लागत होती इतकी बारीक. पाणी कमी झालं आणि हीटर चालूच राहिला की उघडी पडलेली काच तापते, वरून गार पाणी पडलं की तडकते, हे तुम्ही सांगितलंत. मासे का मेले नाहीत तेही सांगितलंत, की ते चारी बाजूंनी पाण्यातच, करंटला त्यांच्यातून जमिनीत जायला वाट नाही. ती वाट आईमधून होती, हात पाण्यात आणि अनवाणी पाय ओल्या फरशीवर. हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. एमसीबी वायरिंग वाचवायला असतो, माणसाचा जीव घेणारा करंट त्याच्या खिजगणतीतही नसतो, त्यासाठी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लगेच वीज तोडणारा स्विच लागतो, हे आधीच्या एकालाही सांगावंसं वाटलं नाही!

आणि जाताना दारात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "काकूंचं बरोबर होतं." कामं करणारे खूप भेटतात, हुशारही असतात, पण समोरच्याचं आधी खरं मानून चालणारी माणसं फार कमी भेटतात. डॉक्टर असो, मेकॅनिक असो, बाईमाणूस काही सांगतंय म्हटल्यावर अर्धं ऐकून सोडून द्यायची सवयच लागलीय लोकांना. तुमच्यात ती नाही, देव तुमचं भलं करो.

आता टँकला हात लावायच्या आधी आई सगळे प्लग काढून घरातल्या कोणाच्या तरी हातात देते, परवा माझ्या भाच्याकडे दिले. आरसीसीबीचं टेस्ट बटण दर महिन्याला दाबायचं कामही तिनेच घेतलंय. नवीन हीटर नीट चालू आहे. जुना तिने फेकू दिला नाही, आधी जे येऊन गेले त्यांना दाखवायचाय म्हणते, आणि मी तिला अडवणार नाहीये.