शंभरीच्या टेस्ट गल्लीतल्या लॅबमध्येच

रक्तावरून आयुष्याचा अंदाज येतो हा तुमच्या रविवारच्या पुरवणीतला लेख आवडला, पण त्यातली महागडी पॅकेजेस बघून कुणी घाबरू नये. स्वीडनमध्ये ४४ हजार लोकांचे जुने रिपोर्ट तपासले, त्यातले १,२२४ जण शंभरीला पोचले, आणि त्यांची साठीनंतरची साखर, क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारं), युरिक ॲसिड बाकीच्यांपेक्षा साधारण कमीच होतं, म्हणजे आपल्याकडे गल्लीतल्या लॅबमध्ये होतात त्याच टेस्ट! यातून कुणा एकाचं आयुष्य मोजता येत नाही, कल तेवढा कळतो. आरोग्य खात्याला विनंती, मिरज तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत साठीपुढच्या सगळ्यांचं क्रिएटिनिन वर्षातून एकदा फुकट बघाच, किडनीचा त्रास बरेचदा उशिरापर्यंत जाणवतच नाही, आणि जुने रिपोर्ट जपून ठेवायलाही सांगा.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली