परदेशातला सॅटेलाइट फोन ट्रेकला नेण्याआधी

मा. संपादक,

पावसाळा आला की मुंबईतून शेकडो पोरं सह्याद्रीत जातात, आणि हरिश्चंद्रगड, सांधण व्हॅली अशा ठिकाणी खाली उतरलं की मोबाईलला रेंज नसते, मग ११२ लावणार कसा? म्हणून हल्ली कोणी ना कोणी परदेशातल्या नातेवाईकाकडून सॅटेलाइट फोन नाहीतर ते सॅटेलाइटवरून मेसेज पाठवायचं छोटं यंत्र मागवतो. कृपया असं करू नका!! आपल्याकडे दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ते जवळ ठेवणं गुन्हा आहे, थुराया आणि इरिडियम या कंपन्यांच्या फोनवर तर बंदीच आहे, आणि एअरपोर्टवर पकडले गेलेले परदेशी पर्यटकही आहेत. २६/११ ला हल्लेखोरांकडे सॅटेलाइट फोन होता त्यामुळे सरकारची भीती मला पूर्ण पटते. कायदेशीर रस्ता आहे, बीएसएनएलची इनमारसॅट ही सॅटेलाइट फोन सेवा, पण साध्या ट्रेकरला तो खर्च आणि कागदपत्रं झेपणारी नाहीत.

माझं म्हणणं एवढंच की मच्छीमारांना इस्रोचं संकटात सिग्नल देणारं यंत्र मिळू शकतं तर डोंगरात जाणाऱ्यांना का नाही? वनविभागाच्या चौकीवर किंवा पायथ्याच्या गावात नोंदणी केलेली यंत्रं भाड्याने ठेवा, आधार कार्ड घ्या, डिपॉझिट घ्या, परत आल्यावर जमा करून घ्या. जीव वाचवायला धावणारी रेस्क्यू टीमची मंडळी स्वतःची कामं सोडून येतात हो, त्यांना निदान नेमकी जागा तरी कळेल. तोपर्यंत निघताना घरी रूट आणि परतायची वेळ लिहून द्या, शिट्टी, टॉर्च आणि पॉवरबँक सोबत ठेवा.

– एक ट्रेकर, मुलुंड