आमदंगलीच्या माइकवर सांगायच्या कुस्त्या

अमळनेर,
दि. ६ एप्रिल

प्रिय हिलाल,

राम राम भो, बरं शे ना?

तुझं पत्र मिळालं. आखाजीनंतरच्या (अक्षय्य तृतीयेनंतरच्या) आमदंगलीत, म्हणजे गावच्या खुल्या कुस्ती मैदानात, यंदा माइक तुझ्या हाती दिला, हे पंचांनी बरं केलं. नारळावरच्या (नारळ हेच इनाम असलेल्या) कुस्त्या संपतात आणि मोठ्या इनामाची जोड लागत नाही, तेवढ्या वेळात मैदान धरून ठेवायला बोलायचं काय, असं विचारलंस. पोरांना टीव्हीवरची कुस्ती ऐकायची आहे आणि वस्ताद मंडळी 'हाई बठ्ठं खोटं शे' म्हणून तोंड फिरवतात, हेही लिहिलंस. म्हणून हे लांबलचक पत्र.

पहिलं सांगतो ते हे, की खरी-खोटी हा वाद माइकवर काढूच नकोस. व्यावसायिक कुस्तीत निकाल आधी ठरलेला असतो, हे आता त्यांच्याकडचेही लपवत नाहीत. पण जमिनीला कोणी पढवून ठेवू शकत नाही. जिंकणार कोण हे ठरवता येतं, सव्वादोनशे किलोचा माणूस किती जोराने खाली येणार हे ठरवता येत नाही. तू गोष्टी निवडशील त्या याच जागेवरच्या निवड: ठरलेलं कुठपर्यंत चाललं आणि पुढे काय झालं. वस्तादही कान देतील.

सुरुवात हल्क होगन आणि आंद्रे द जायंट या टीव्हीवरच्या दोन पैलवानांपासून कर. २९ मार्च १९८७, अमेरिकेत मिशिगन राज्यातलं पॉन्टियाक सिल्व्हरडोम. आंद्रेची जाहीर केलेली उंची ७ फूट ४ इंच, वजन ५२० पौंड, म्हणजे सुमारे २३६ किलो. (हे आकडे जाहिरातीचे असतात, बरं का. ज्यांनी लहानपणी पैलवानांच्या पत्त्यांवरची उंची-वजनं पाठ केली, त्यांना हे हळूच सांग.) त्याची ती देहयष्टी एका आजाराची होती, अ‍ॅक्रोमेगाली म्हणतात त्याला. शरीरात वाढीचा रस गरजेपेक्षा जास्त सुटतो, हाडं रुंदावत जातात आणि सांधे व पाठ आधी खचतात. त्या कुस्तीच्या आधी आंद्रेच्या पाठीची शस्त्रक्रिया झाली होती, आणि अंगातल्या काळ्या पोशाखाखाली पाठीला आधाराचा पट्टा होता. कुस्ती सुरू झाल्याबरोबर होगन त्याला उचलायला जातो आणि त्याच्याखालीच कोसळतो. शेवटी मात्र उचलून पाठीवर टाकतो आणि चीत करतो.

आता या उचलण्याची मेख तालमीतल्या पोरांना कळेल अशी सांग. आपल्याकडे समोरचा उचलला जाऊ नये म्हणून अंग जड सोडतो. तिथे उलटं. उचलणारा एक हात मांड्यांमधून आणि दुसरा खांद्यावरून घालतो, आणि उचलला जाणारा त्याच क्षणी आपल्या पायांनी उडी देतो, एक हात समोरच्याच्या मांडीवर टेकवून भार पेलतो. म्हणजे उचलण्यातलं अर्धं काम खालच्याचं. पाठ दुखणाऱ्या आंद्रेला ती उडी नीट देता आली नसती, तर कंबर होगनची गेली असती. पडताना हनुवटी छातीला लावायची, श्वास सोडायचा, पाठीचा वरचा भाग सपाट टेकवायचा आणि दोन्ही हात अंगापासून थोडे बाजूला फाकवून तळव्यांनी जमिनीवर थाप मारायची, म्हणजे धक्का वाटला जातो. हनुवटी वर राहिली की डोक्याचा मागचा भाग आपटतो. घाबरून हात मागे टेकला की मनगट किंवा कोपर जातं. आणि वरच्याने एक बाजू आधी सोडली की खालचा मानेवर येतो. सगळ्यात वाईट अपघात याच तिसऱ्या प्रकाराने होतात.

या कुस्तीबद्दल दोन थापा जगभर चालतात, त्या तू चालवू नकोस. आंद्रेला त्याआधी कोणीच उचललं नव्हतं म्हणतात. खुद्द होगननेच १९८० साली न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये उचललं होतं. आणि तो पंधरा वर्षं हरला नव्हता, हीसुद्धा जाहिरातच. प्रेक्षकसंख्या ९३,१७३ अशी जाहीर झाली होती, तिच्यावरही जाणकार वाद घालतात. तू 'खचाखच भरलेलं मैदान' एवढंच म्हण.

रिंगण कसं असतं हे कोणीतरी विचारेलच. सुमारे २० फूट चौरस, खाली लोखंडी तुळया, त्यावर लाकडी फळ्या, त्यावर पातळ फोम आणि वर ताणलेलं कॅनव्हास. गादी म्हणावी इतकी जाडी नसते. आवाज मोठा येतो तो फळ्यांचा. तिन्ही दोर काही ठिकाणी खरे दोरखंड असतात, चिकटपट्टी गुंडाळलेले. काही ठिकाणी पोलादी तार आणि वर रबरी नळी असते. तारेवर पाठ आपटून परतणं जास्त लागतं, काखेखाली वळ उठतात. आपल्या हौदाशी, म्हणजे मातीच्या आखाड्याशी, तुलना करायची तर कर, पण हौदाचीही तारीफ उगाच नको. आपल्या काळ्या मातीत कुस्ती होत नाही हे तुलाही ठाऊक आहे, ओली झाली की चिकटते आणि वाळली की ढेकळं. तांबडी माती आणायची, चाळायची, तेल-ताक-लिंबू-हळद घालून मुरवायची आणि मैदानाच्या सकाळी पुन्हा उकरायची. ते उकरणं राहिलं तर तो हौदही फळीपेक्षा मऊ नसतो.

मिक फोली या पैलवानाची गोष्ट रात्री उशिरा सांग, पोरं पेंगायला लागली की. २८ जून १९९८, पिट्सबर्ग. भोवती आणि वरही जाळी असलेला पिंजरा, उंची पंधरा फुटांहून जास्त. फोली तेव्हा मॅनकाइंड या नावाने लढत होता. समोरच्या अंडरटेकरने त्याला पिंजऱ्याच्या छतावरून खाली निवेदकांच्या टेबलावर फेकलं. ते ठरलेलं होतं. टेबल मोडतं म्हणजेच धक्का थोडा खातं. पुढे फोली पुन्हा वर चढला आणि छताच्या जाळीवर त्याला आपटलं, तेव्हा जाळीचा तुकडाच सुटला आणि तो आरपार थेट रिंगणात पडला. हे ठरलेलं नव्हतं. वरची खुर्चीही त्याच्यामागून खाली येऊन तोंडावर बसली, दात पडला. तरी कुस्ती पुढे चालली, शेवट टाचण्यांच्या ढिगाऱ्यावर झाला. दोघे वर उभे राहून आपटाआपटी करू लागले तेव्हा जाळीला तो ताण पेलला नाही. आपल्याकडे प्रेक्षकांच्या मचाणाबाबतही असंच होतं. बांधणारा बसलेली माणसं मोजतो, उड्या मारणारी नाही. तुझ्या मैदानाचं मचाण एकदा स्वतः हलवून बघ.

ओवेन हार्ट या पैलवानाचं मात्र माइकवर नको. २३ मे १९९९ ला कॅन्सस सिटीत त्याला छतावरून दोरीने खाली सोडायचं होतं, आकडा झटक्यात सुटावा म्हणून पटकन उघडणारा लावला होता, आणि तो वरच सुटला. ७८ फूट. गेला. मैदानात डाव चालू असताना मृत्यूची गोष्ट सांगू नये.

आता वस्तादांसाठी मॉन्ट्रियल. ९ नोव्हेंबर १९९७. ब्रेट हार्ट विजेता होता आणि दुसऱ्या कंपनीत निघाला होता. विजेतेपदाचा पट्टा सोडायला तयार होता, पण आपल्या कॅनडात, शॉन मायकल्सकडून हरून नाही. करारात शेवटच्या तीस दिवसांत आपल्या भूमिकेबद्दल वाजवी हक्क त्याने लिहून घेतला होता. ठरलं असं, की गोंधळ होईल, बाहेरचे आत घुसतील आणि कुस्ती निकालाविना सुटेल. मधे मायकल्सने ब्रेटचाच डाव, पायांची कैची घालून पालथं पाडण्याचा शार्पशूटर, ब्रेटवर लावला. ब्रेट तो उलटवणार होता. तेवढ्यात रिंगणाबाहेर उभ्या मालकाने, व्हिन्स मॅकमहनने, घंटा वाजवायला लावली आणि पंच अर्ल हेब्नरने ब्रेटने हार मानल्याची खूण केली. ब्रेटने हार मानली नव्हती. तो मालकाच्या तोंडावर थुंकला आणि नंतर आत जाऊन त्याला ठोसा लगावला.

हे घडू कसं शकलं, ते समजावून सांग. ठरलेल्या कुस्तीत डाव बदलायचा, वेळ संपत आली, कोणाला लागलंय, हे सगळं एका पैलवानाकडून दुसऱ्याकडे पोचवतो तो पंच. त्याच्यावर विश्वास ठेवल्याशिवाय कोणी आपली मान दुसऱ्याच्या हातात देणार नाही. म्हणून पंच फुटला की निकालही ठरला. आणि दुसऱ्याचा डाव आपल्या अंगावर लावू देणं हीच चूक, हे ब्रेटला आधीच सांगणारे होते म्हणतात. वस्ताद लोक यावर मान हलवतील बघ, आपल्याकडे पंचांवरून किती मैदानं मोडली!

गामा पैलवानाची गोष्ट मानाच्या कुस्तीआधी ठेव. १९१० साली लंडनला गेला तेव्हा उंची कमी म्हणून त्याला स्पर्धेत घेईनात. त्याने आव्हान दिलं, कोणत्याही वजनाचे तीन पैलवान अर्ध्या तासात पाडीन. पुढे डॉक्टर रोलरला हरवून तो स्टॅनिस्लॉस झ्बिश्कोसमोर उभा राहिला, १० सप्टेंबरला. झ्बिश्को वजनाने बराच भारी. तो खाली गेला आणि अडीच तासांहून जास्त वेळ जवळजवळ पोटावरच पडून राहिला. नियम दोन्ही खांदे टेकवण्याचा, म्हणजे आपलीच चितपट. भारी माणूस हात-पाय पसरून, कोपरं अंगाला चिकटवून पालथा राहिला तर घिस्सा डाव बसायला फटच सापडत नाही, हे तुला सांगायला नको. कुस्ती बरोबरीत सुटली, १७ तारखेला पुन्हा ठरली, झ्बिश्को आलाच नाही. जॉन बुल पट्टा गामाला. मग जानेवारी १९२८, पतियाळा. आखाडा, माती, आणि गामाने एका मिनिटाच्या आत त्याला पाडलं. सेकंद सांगू नकोस, प्रत्येक पुस्तकात निराळे आहेत. पण दोघंही तेव्हा पन्नाशीच्या आसपास होते, हे जरूर सांग.

त्याच घराण्याचा पुढचा भाग मला जास्त आवडतो. गामाचा पुतण्या अक्रम पैलवान १२ डिसेंबर १९७६ ला कराचीत जपानच्या अँटोनियो इनोकीसमोर उतरला. त्याच वर्षी २६ जूनला टोकियोत इनोकी मुहम्मद अलीशी पंधरा फेऱ्या लढला होता, बहुतेक वेळ पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारत. पडलेल्या माणसाला ठोसा पोचत नाही, एवढाच हिशेब. बरोबरी झाली, लोक चिडले आणि अलीचे पाय सुजले. कराचीतली कुस्ती ठरल्यासारखी चालली नाही. इनोकीने अक्रमचं मनगट धरलं, दुसरा हात त्याच्या दंडावरून घालून स्वतःचंच मनगट पकडलं आणि वाकलेला हात पाठीकडे पिळला. या पकडीत जोर कोपराला दिसतो, तुटतं ते खांद्याशी. अक्रमने हार मानली नाही आणि हात निकामी झाला. मातीत पाठ लागली की हरलास. हात थोपटून 'सोड' म्हणायची सवय तिथे नसते. नव्या पोरांना हे मुद्दाम सांग, कारण आता तेही मोबाइलवर बघून असल्या पकडी एकमेकांवर करून पाहतात. १९७९ ला लाहोरमध्ये अक्रमचा पुतण्या झारा, विशीच्या आतला, इनोकीशी पाच फेऱ्या लढला आणि शेवटी इनोकीनेच त्याचा हात वर केला.

दारासिंग आणि खली हे दोघे पोरं मागतीलच. दारासिंगने २९ मे १९६८ ला मुंबईत लू थेसला हरवलं, तेवढं पुरे. खली म्हणजे दलीपसिंग राणा, जुलै २००७ मध्ये जागतिक पट्ट्यापर्यंत पोचला. आणि रेसलमेनिया या वार्षिक मैदानातली अंडरटेकरची २१ विजयांची रांग ६ एप्रिल २०१४ ला ब्रॉक लेस्नरने मोडली, हे आठवलं तर सांग. लोक ओरडले नाहीत, गप्प बसले, हीच त्यातली गंमत. पण मग लगेच आपल्या चाळीसगाव तालुक्याच्या विजय चौधरींवर ये. २०१४, २०१५, २०१६, सलग तीनदा महाराष्ट्र केसरी. तिथे तुला टाळ्या मागाव्या लागणार नाहीत.

अप्पांना साष्टांग, वहिनींना नमस्कार. आखाजीला सांजोऱ्या राखून ठेवायला सांग.

तुझा,
सुकदेव

ता. क. मानाची जोड हौदात उतरून सलामी झाली की वाक्य अर्धं असलं तरी माइक बंद कर.