बाबांची कॅप्सूल बाबांचीच

पुणे,
रविवार, रात्र

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर आई सहज बोलून गेली, "माझ्या पायाच्या चिखल्या काही जाऊनच नाही राहिल्या, म्हणून बाबांच्या डब्यातल्या दोन कॅप्सूल मी घेतल्या. बुरशीचंच तर औषध आहे ना!" आणि लगेच महालक्ष्म्यांना कोण कोण जेवायला आलं होतं ते सांगायला लागली. मागून बाबांचा आवाज आला, "माझी खाज गेली, मी बंद करून राहिलो आता." मी हो-हो म्हटलं खरं, पण रात्रभर डोळा लागला नाही. फोनवर हा विषय काढला की बाबा "बरं, बरं" म्हणून फोन आईकडे देतात आणि आई मला जेवलीस का म्हणून विचारते. म्हणून पत्र लिहिते आहे. बाबांना बारीक अक्षराचा त्रास होतो, तर जाड पेनानं, एक ओळ सोडून लिहिते.

आधी आईचं.

आई, त्या कॅप्सूलला तू यापुढे हात लावायचा नाहीस. एकही नाही. बाबांच्या गजकर्णासाठी दिलेलं हे इट्राकोनाझोल हृदयाच्या आकुंचनाचा जोर कमी करू शकतं. धडधाकट हृदयाच्या माणसाला ते सहसा जाणवत नाही. पण गेल्या वर्षीच्या इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, तुझं पंपिंग कमी आलं होतं, आठवतं ना? रोज सकाळी तू लघवीची जी गोळी घेतेस, ती अंगात पाणी साचू नये म्हणूनच. अशा हृदयावर हे औषध पडलं की पायावर सूज चढू शकते, छातीत पाणी होऊ शकतं. २००१ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं डॉक्टरांना याच कारणासाठी सावध केलं होतं. तिथल्या माहितीपत्रकात आजही सगळ्यांत वर, चौकटीत हा इशारा छापलेला असतो, की हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदयाचं पंपिंग कमी पडणाऱ्या रुग्णाला नखाच्या बुरशीसाठी हे औषध देऊ नये. तुझ्या तर नुसत्या बोटांमधल्या चिखल्या आहेत.

आज सकाळी तुझ्या हृदयाच्या डॉक्टरांशी बोलले. दोन कॅप्सूलनं घाबरून जायचं कारण नाही म्हणाले. पण आठवडाभर रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन कर आणि कॅलेंडरवर लिहून ठेव. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, घोट्याला बोट दाबल्यावर खळगा राहिला, किंवा रात्री आडवं झाल्यावर धाप लागली, तर सकाळची वाट पाहू नका. बाबा, हे तुम्ही वाचा आणि लक्ष ठेवा, कारण ती स्वतःहून सांगणार नाही.

चिखल्यांना बहुतेकदा मलम पुरतं. दिवसभर ओल्या मोरीत पाय आणि वर प्लास्टिकची चप्पल, त्यात त्या कशा जातील? मंगळवारी बाबांसोबत तूही स्किनच्या डॉक्टरांना पाय दाखव. इकोची फाइल पिशवीत टाक. आधी फाइल दाखवायची, मग पाय.

आता बाबा, तुमचं.

पोळ्याला मी आले तेव्हा तुमचं औषध सुरू होऊन आठ दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक बघायला निघायच्या आधी, पहाटे, मी पाणी प्यायला उठले तर तुम्ही स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभे होतात. एका हातात ॲसिडिटीची पॅंटोप्राझोलची गोळी, दुसऱ्या हातात ती कॅप्सूल. दोन्ही एकाच घोटात, रिकाम्या पोटी, आणि निघालात अंबाझरीला फिरायला. घाईत एक कॅप्सूल आधी ओट्यावर पडून उघडली होती. तिच्यातले खसखशीएवढे पांढरे दाणे तुम्ही बोटानं गोळा करत होतात. ते दाणे मी अजून विसरले नाही. तुमचे आठ दिवस वाया गेल्यासारखेच होते, आणि मी दवाखान्याच्या औषधांच्या खिडकीत बसून रोज अनोळखी माणसांना हेच समजावते.

ते दाणे म्हणजेच औषध. प्रत्येक दाण्यावर त्याचा थर चढवलेला असतो आणि तो थर विरघळायला पोटात आम्ल लागतं, सोबत भरपूर अन्न लागतं. रिकाम्या पोटी गेलं की बरंचसं तसंच पुढे सरकतं, रक्तात उतरतच नाही. त्यात पॅंटोप्राझोलचं कामच पोटातलं आम्ल कमी करणं, आणि त्याचा परिणाम तासा-दोन तासांत ओसरत नाही, दिवसभर राहतो. म्हणून ती गोळी सकाळी आणि कॅप्सूल दुपारी घेऊनही नीटसं जमत नाही. डॉक्टरांनी तुमची ॲसिडिटीची गोळी या औषधापुरती थांबवली ती त्याचमुळे. सावजीचा रस्सा खाऊन जळजळ झाली तर साधं पातळ अँटासिड घ्या, पण कॅप्सूलच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास ते नको. फसफसणारी पूडही त्यातच आली. आणि रोजच जळजळ व्हायला लागली तर जुनी गोळी गुपचूप सुरू करू नका, डॉक्टरांना सांगा. आम्ल कमी असलेल्यांना ते कधी कधी कॅप्सूल साध्या कोलासोबत घ्यायला सांगतात. काही ना काही वाट निघते.

तर १०० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल दुपारच्या जेवणावर, एक रात्रीच्या जेवणावर. जेवण म्हणजे जेवण, चहा-बिस्किट नाही. वरण-भात, त्यावर तूप, पोळी-भाजी, आणि ताटावरून उठल्या उठल्या कॅप्सूल. आख्खी, न फोडता. एखादी वेळ चुकली आणि लवकर आठवलं तर काहीतरी पोटभर खाऊन घ्या. पुढची वेळ जवळ आली असेल तर ती सोडून द्या, दोन एकदम घेऊ नका.

पुढे नवरात्र येतंय आणि औषध तोवर चालणार. बाबा, तुमचे नऊ दिवस म्हणजे चहा, एक केळ आणि संध्याकाळी मूठभर दाणे. यंदा तेवढ्यावर भागणार नाही. उपास सोडा असं मी म्हणत नाही, देवीचं तुमचं आहे ते मला ठाऊक आहे. पण दोन्ही वेळा भरपेट फराळ करा. साबुदाण्याची खिचडी, भगर आणि दाण्याची आमटी, वर वाटीभर दही. आई, भगर जरा सैल हातानं वाढ.

डॉक्टरांकडे काय झालं होतं, ते आईला पूर्ण माहीत नाही म्हणून लिहिते. पहिल्यांदा बाबा एकटेच गेले होते. जागा जांघेतली. संकोचानं दोन मिनिटांत दाखवलं आणि चिठ्ठी घेऊन उठले. डॉक्टरांनी "आणखी काही गोळ्या चालू आहेत का" विचारलं, त्यावर म्हणाले, "बीपीची एक, बाकी काही विशेष नाही." बाबा, तुम्ही ३४ वर्षं वर्गात उभं राहून शिकवलंत, पण लाजेच्या जागेचं दुखणं आलं की तुमचा आवाजच बसतो. मी मुलगी म्हणून तुम्हाला माझ्यापुढे आणखीच अवघड होतं, हेही मला कळतं. पण गजकर्ण हा काही चारित्र्याचा डाग नाही. दमट हवेत, घामानं, घट्ट कपड्यांत कोणालाही होतं. आपल्याकडे पावसाळ्यात तर कूलरसुद्धा खोलीत ओलावाच भरतो.

न सांगितलेल्या गोळ्यांमध्ये ॲटोर्व्हास्टॅटिन होती, कोलेस्टेरॉलची, रात्रीची. ती गोळी यकृतातल्या ज्या एन्झाइममुळे शरीरातून मोडून जाते, त्यालाच इट्राकोनाझोल अडवून धरतं. गोळी तेवढीच घ्यायची, पण रक्तात ती कितीतरी पटीनं साचत जायची. मग स्नायू दुखतात, अशक्तपणा येतो, आणि फार झालं तर स्नायू झिजून त्याचा भार मूत्रपिंडावर येतो. मारबतीच्या दुसऱ्या दिवशी आपण घरातल्या सगळ्या स्ट्रिपा कापडी पिशवीत भरून पुन्हा गेलो, तेव्हा डॉक्टरांनी एकेक उलटून पाहिली आणि ही थांबवली. औषध संपल्यावरही दोन आठवडे ती सुरू करायची नाही. बीपीची ॲम्लोडिपिन चालू ठेवली, पण तीही या औषधानं जोर धरते, म्हणून बीपी आठवड्यातून दोनदा मोजायला सांगितलं. मोजता ना? उठताना चक्कर आली किंवा घोटे सुजले तर कळवा.

हीच पिशवी कुठेही जाताना सोबत न्या. सर्दीला, गुडघ्याला, झोप येत नाही म्हणून, कोणीही काही लिहून दिलं तर आधी सांगायचं की मी इट्राकोनाझोल घेतो आहे. झोपेच्या काही गोळ्या यासोबत इतक्या चढतात की माणूस दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत भानावर येत नाही. आयुर्वेदिक काढाही सांगायचा, तो "काही नसतं त्यात" म्हणून सोडायचा नाही.

यकृताचं मात्र मनावर घ्या. हे क्वचितच होतं, पण झालं तर लवकर कळायला हवं. जेवणावरची वासना उडणं, सतत मळमळ, नेहमीपेक्षा जास्त थकवा, उजव्या बरगडीखाली दुखणं, लघवी काळ्या चहासारखी, शौच फिकट, अंगाला वेगळीच खाज. डोळ्यांचा पांढरा भाग अंगणातल्या उजेडात आईकडून बघून घ्यायचा, ट्यूबलाइटखाली पिवळं नीट दिसत नाही. यातलं काही दिसलं तर पुढची कॅप्सूल न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. औषध सुरू करण्याआधीची लिव्हरची तपासणी तुमची चांगली आली होती. दुसरी मंगळवारी आहे, ती टाळू नका.

आणि बंद करायचं म्हणता ते का नाही, ते सांगते. खाज थांबणं म्हणजे बुरशी मरणं नव्हे. ती कातडीच्या वरच्या थरात असते, आणि तो थर झडून नवा यायला आठवडे लागतात. नीट घेतलेल्या कॅप्सूलचे तर आत्ता कुठे दहा दिवस झाले. अर्ध्यावर सोडलं की उरलेली पुन्हा पसरते, कधी आधीपेक्षा चिवट होऊन. २०२० साली जपानी संशोधकांनी अशाच एका चिवट बुरशीला ट्रायकोफायटन इंडोटिनी हे नाव दिलं, त्यात इंडियाच आहे. तिच्यावर टर्बिनाफिन ही नेहमीची गोळी पुष्कळदा चालतच नाही. उन्हाळ्यात तुम्ही महिनाभर तीच घेतली होती आणि काही फरक पडला नव्हता. तुमची बुरशी तीच असेल असं नाही, पण मला ती आठवली.

त्याच्याही आधी ती ट्यूब. मेडिकल स्टोअरमधून चिठ्ठीशिवाय आणलेली, एका मलमात चार-पाच औषधं, त्यातलं एक जोरदार स्टेरॉइड. लावलं की दोन दिवसांत लाली उतरायची, थांबवलं की चट्टा दुप्पट. स्टेरॉइडनं कातडी शांत होते आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. तीन महिन्यांत तिथली कातडी इतकी पातळ झाली आहे की त्यावर पांढऱ्या रेघा उमटल्यात. अशी स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा २०१८ चा सरकारी नियम आहे. ती ट्यूब मी येताना बॅगेत टाकून आणली, शोधू नका. शेजारच्या काकांनी मागितली तर त्यांनाही डॉक्टरांकडेच पाठवा.

राहिला तुमचा करगोटा. आंघोळीनंतर तो ओला राहतो आणि चट्ट्याची वरची कड नेमकी त्याच्याच रेषेत आहे, मी नाही, डॉक्टरांनी दाखवलं. तुम्ही तेव्हा काही बोलला नाहीत. लहानपणापासून कमरेला असलेली गोष्ट काढायला जड जातं. औषध संपेपर्यंत देवघरात ठेवा, मग नवा बांधा. टॉवेल वेगळा ठेवा, आतले कपडे उलटे करून उन्हात वाळवा, ऊन नसेल तर इस्त्री फिरवा. आई, बाबांचे कपडे तुझ्या साड्यांत भिजवू नकोस.

मंगळवारी संध्याकाळी रिपोर्टचा फोटो आणि आईच्या वजनाचं पान, दोन्ही पाठवा. मी सातनंतर मोकळी असते.

तुमची,
मनू

ता. क. बाबांनी विचारलं होतं, आंबिया बहाराची संत्री आली की चालतील का. चालतील, पोटभर खा. आपलं नागपुरी संत्रं या औषधाच्या आड येत नाही. पपनस आणि ग्रेपफ्रूट मात्र तूर्त नको, औषधं मोडण्याच्या कामात तीही ढवळाढवळ करतात. एक पेटी इकडे पाठवली तर नाही म्हणणार नाही.